कोविडमधे दर ठरवता आले, मग आता काहून नाही?

नागपुरात हॉस्पिटलं कमी आहेत असं कोणी म्हणालं तर हसू येतं. धंतोलीत एक चक्कर मारा, रामदासपेठेत मारा, गाडी लावायला जागा सापडत नाही इतके दवाखाने. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचा पेशंट इथं येतो, गडचिरोली-गोंदियाचा येतो, आदिलाबादचाही येतो. मेडिकल, म्हणजे आपलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, १९४७ पासून उभं आहे, मेयो आहे, डागा आहे, सुपर आहे, ही सगळी सरकारीच, मिहानमधे एम्स झालं, जामठ्याला कॅन्सरचं मोठं हॉस्पिटल झालं. मध्य भारताचं मेडिकल हब म्हणून आपण छाती फुगवून सांगतो आणि ते काही खोटं नाही. आणि याच शहरात एप्रिल २०२१ मधे मेडिकलला एका खाटेवर दोन-दोन पेशंट होते, ते फोटो पूऱ्या देशाने पाहिले. त्याच दिवसांत काही लोकांना एका फोनवर धंतोली-रामदासपेठेत रूम मिळून राहिली होती, तेही आपण सगळ्यांनी पाहिलं, फक्त त्याचे फोटो नाही निघाले.

मला एकच गोष्ट म्हणायची आहे, बाकी सगळं तिच्या मागेपुढे येईल. कोविडच्या काळात सरकारने प्रायव्हेट हॉस्पिटलचे दर ठरवले, कुठे किती बेड रिकामे आहेत हे एका जागी दाखवायचा प्रयत्न केला, आणि बिलं तपासायला माणसं बसवली. उशिरा केलं, अर्धवट केलं, कुठे कुठे नुसतं कागदावर केलं, पण केलं. म्हणजे करता येतं. साथ ओसरली तसं हे तिन्ही गुंडाळून ठेवलं आणि आपण काही बोललो नाही, कारण आपल्याला ते दिवस विसरायचेच होते. हे गुंडाळायला नको होतं असं माझं म्हणणं आहे, हार्ट अटॅक आणि डिलिव्हरी आणि डायलिसिससाठी सुद्धा नको होतं.

आधी दर बघू, कारण लोकं आकडे विसरले आहेत. २१ मे २०२० ला राज्य सरकारचा आदेश निघाला, प्रायव्हेट हॉस्पिटलच्या ८० टक्के बेडवर सरकारी दर. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. उरलेल्या २० टक्के बेडवर हॉस्पिटलला स्वतःचा रेट लावायची मुभा. मग जून २०२१ मधे शहरांचे गट पाडले, त्यात नागपूर मुंबई-पुण्यासोबत वरच्या गटात, म्हणजे दर तेच राहिले, आणि सगळ्यात खालच्या गटातल्या गावांत व्हेंटिलेटरचा दर ५,४०० झाला. आरटीपीसीआर टेस्टचं तर अजून मजेदार आहे. सुरुवातीला ४,५००, जून २०२० मधे २,२००, त्यानंतर ९८०, मग ७००, आणि मार्च २०२१ संपता संपता ५००. किट स्वस्त झाल्या हे मान्य, पण किट स्वस्त झाल्यावर बाजारात आपोआप रेट उतरले असते असं ज्याला वाटतं त्याने कोणत्याही लॅबमधे जाऊन थायरॉइडच्या टेस्टचा रेट विचारावा आणि मग रस्ता ओलांडून दुसऱ्या लॅबमधे विचारावा.

सीटी स्कॅनचंही तसंच, एचआरसीटीला, म्हणजे छातीच्या स्कॅनला, मशीनप्रमाणे २,००० ते ३,००० ची मर्यादा सप्टेंबर २०२० मधे आली. कोणतंही स्कॅन सेंटर त्यापायी बंद पडलं नाही. रात्री अकरालाही लाईन होती.

आता या दरांत भोक कुठे होतं. एक तर महागडी औषधं, पीपीई किट, काही तपासण्या दराच्या बाहेर होत्या, आणि खरं बिल तिथंच फुगत होतं. दुसरं, दर पाळला तरी दहा दिवस व्हेंटिलेटर म्हणजे नुसते ९० हजार, औषधं सोडून. पारडीतल्या ऑटोवाल्याला, कळमन्यात पोती उचलणाऱ्या माणसाला ९० हजार आणि ३ लाख यांत काय फरक? दोन्ही नाहीच आहेत त्याच्याकडे. तिसरं म्हणजे डिपॉझिट. आदेशात दिवसाचा दर होता, दारात उभं राहिल्यावर आधी किती भरायचे यावर कोणाची पकड नव्हती. पेशंटचं ऑक्सिजन ८२ आहे, काउंटरवरचा माणूस म्हणतो आधी एवढे जमा करा मग बघू, आणि कॅशच आणा. इन्शुरन्स असलेल्यांनाही कॅशलेस नाही म्हणून सांगितलं जात होतं, शेवटी एप्रिल २०२१ मधे इन्शुरन्सच्या नियामकाला त्यात पडावं लागलं. आमच्या ओळखीतल्या एकाने वडलांना घेऊन आधी बायकोच्या बांगड्या मोडल्या आणि मग हॉस्पिटल शोधलं, उलटं नाही, कारण त्याला माहीत होतं कोणता प्रश्न आधी विचारतील.

आणि ओळख. याबद्दल आपण मोकळेपणाने बोलत नाही कारण आपण सगळेच त्यात आहोत. महापालिकेच्या डॅशबोर्डवर बेड रिकामा दिसायचा, फोन केला की नाही म्हणायचे, मग नगरसेवकाचा फोन, आमदाराच्या पीएचा फोन, पत्रकार मित्राचा फोन, आणि तोच बेड निघायचा. ज्याने स्वतःच्या बापासाठी फोन केला त्याला मी दोष देत नाही, कोणीही करेल. पण विचार करा, ज्याच्या मोबाईलमधे असा एकही नंबर सेव्ह नाही त्याचं काय झालं असेल. तो पेशंटला ऑटोत टाकून एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरला आणि शेवटी मेडिकलच्या कॅज्युअल्टीपुढे उभा राहिला, तेव्हा उशीर झालेला होता. बेड थोडे असले की कोणाला आधी हे कुठंतरी ठरतंच, ते डॉक्टरने ऑक्सिजन बघून ठरवावं का पीएने आडनाव बघून, एवढाच सवाल आहे. आणि ज्या नगरसेवकांच्या भरवशावर हे चाललं होतं त्यांचीही मुदत मार्च २०२२ मधे संपली, पुढे कितीक काळ महापालिकेत नुसते प्रशासक. म्हणजे वशिल्याचा तो दरवाजाही गरिबासाठी बंद.

औषधांचं काय झालं ते तर कोर्टाच्या रेकॉर्डवरच आहे. रेमडेसिविरसाठी लोकं मेडिकल स्टोअर्सपुढे उन्हात उभे होते, ब्लॅकमधे विकताना हॉस्पिटलचीच माणसं पकडली जाऊन राहिली होती, आणि शेवटी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घेऊन सरकारला सांगावं लागलं की नागपूरला १० हजार इंजेक्शनं ताबडतोब द्या. औषध वाटप जजसाहेबांनी करायचं, ही काय व्यवस्था झाली? आणि यातली कडू गोष्ट म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मधेच सांगितलं होतं की भरती पेशंटला हे इंजेक्शन देऊ नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. पाच महिन्यांनी आपण त्याच्यासाठी घरं गहाण टाकून राहिलो होतो. चिठ्ठी लिहून देणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण नातेवाईक मागतात, बाजूचे लिहितात, आपण नाही लिहिलं आणि काही झालं तर? असं ते चालू राहिलं. डिपॉझिट नसलेल्याला उपचार मिळाला नाही आणि असलेल्याला नको तेवढा मिळाला, दोन्ही एकाच दुकानाच्या दोन खिडक्या आहेत.

मग म्युकर आला, म्हणजे काळी बुरशी. नागपुरात त्याचे पेशंट खूप होते, डोळे गेले, जबडे काढावे लागले लोकांचे. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी या त्यावरच्या औषधाचं एक इंजेक्शन ७,००० च्या आसपास, आणि एका पेशंटला डझनावारी लागतात. वर्ध्यातल्या एका कंपनीला परवानगी मिळून तेच औषध १,२०० ला देऊ असं मे २०२१ मधे जाहीर झालं. सात हजाराचं बाराशेला, आणि तेही इथून दीड-दोन तासाच्या अंतरावर. लोकं खुश झाले, नेत्याचे आभार मानले, ठीक आहे. पण ७,००० मधे नेमकं काय काय होतं हे कोणी विचारलं नाही.

लसीचं थोडक्यात सांगतो. १ मे २०२१ पासून १८ च्या वरच्यांना लस, पण कोविनवर आधी नोंदणी पाहिजे. स्लॉट उघडला की दोन मिनिटांत फुल्ल. नागपूर शहरातली पोरं, फायबरचं इंटरनेट आणि बापाची कार असलेली, काटोल, उमरेड, कळमेश्वरकडचे स्लॉट बुक करून गाडी काढून जाऊन आली. गावातला माणूस आपल्याच आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसून बघून राहिला की हे कोण आले बाप्पा. पुढे प्रायव्हेटमधे कोविशिल्ड ७८० आणि कोवॅक्सिन १,४१० ला मिळायला लागली, तिथं गर्दी नव्हती. सुप्रीम कोर्टाने तेव्हा या डिजिटल अडथळ्यावर सरकारला खडे बोल सुनावले आणि नंतर थेट केंद्रावर जाऊन घ्यायची सोय झाली. झाली हे चांगलंच. पण पहिली रांग कोणी लावली ते बघा.

यापेक्षा मला जास्त बोलायचं आहे ते कोविड नसलेल्यांबद्दल, त्यांची मोजणीच झाली नाही. मेडिकलचे ६०० आणि मेयोचे ६०० बेड कोविडला दिले. बरोबर केलं, दुसरा इलाज नव्हता. पण मेडिकल-मेयोची ओपीडी कोणाची आहे? ज्याला प्रायव्हेट परवडत नाही त्याची. म्हणजे सरकारी हॉस्पिटल कोविडचं झालं तेव्हा गरिबाचा कॅन्सर, गरिबाची किडनी, गरिबाचा टीबी थांबवून कोविडला जागा केली. पैसेवाल्याचं नॉन-कोविड ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेलं असेल, पण झालं. देशात टीबीच्या नोंदी २०१९ मधे २४ लाख होत्या, २०२० मधे १८ लाखांवर आल्या. टीबी काही सुट्टीवर गेला नव्हता, तपासायलाच कोणी नव्हतं, पेशंट घरात खोकत बसले होते.

आपल्या भागाचं अजून एक आहे, सिकलसेल, रक्ताचा पिढीजात आजार. विदर्भात दलित आणि आदिवासी वस्त्यांमधे हा आजार घरोघरी माहीत आहे, उत्तर नागपुरात इंदोऱ्याकडे कोणालाही विचारा. जरीपटक्यात सिंधी समाजात थॅलेसेमियाची मुलं आहेत, त्यांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच लागतं, पुढच्या महिन्यात देऊ म्हणता येत नाही. लॉकडाऊन लागला, रक्तदान शिबिरं बंद, कॉलेजं बंद, ब्लड बँकांत पिशव्या नाहीत. सिकलसेलचा पेशंट क्रायसिसमधे, म्हणजे अचानक उठलेल्या असह्य दुखण्यात, तडफडत असतो तेव्हा त्याला सलाईन, पेनकिलर आणि कधी रक्त लागतं, फार मोठी मशीन नाही लागत. तेही मिळायला बस नाही, ऑटो नाही, नाक्यावर पोलीस. आता २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन चालू आहे, तपासणीचे कार्ड वाटले जाऊन राहिले आहेत, चांगलं आहे. पण पुढच्या साथीत या लोकांच्या रक्ताची आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांची वेगळी सोय कोण करणार हे त्या कार्डवर लिहिलेलं नाही.

बरं, साथ गेली. नंतर काय?

११ डिसेंबर २०२२ ला एम्सचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी समृद्धी महामार्ग, मेट्रो, वंदे भारत, सगळं एकत्र. एम्स चांगलं आहे, मी कुरकुर करणार नाही. फक्त ते मिहानमधे आहे, शहराच्या पूर्ण दक्षिणेला, आणि हातावर पोट असलेली मोठी वस्ती पूर्वेला आणि उत्तरेला आहे. यशोधरानगरच्या बाईने शुगरची गोळी घ्यायला पूर्ण शहर ओलांडायचं, एक रोजी बुडवायची, आणि कामठी रोडवरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयाच्या विस्ताराचं आपण वर्षानुवर्षं नुसतं ऐकून राहिलो. आपला दवाखाना योजना १ मे २०२३ ला आली, बीपी-शुगर-तापासाठी त्याचा उपयोग होतो. पण अटॅक आला की तिथून पुढचा रस्ता पुन्हा मेडिकलच.

आणि मेडिकलचं काय, तर ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलमधे २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. लगेच नागपुरातल्या मेडिकल आणि मेयोचेही मृत्यूचे आकडे पेपरात आले आणि हायकोर्टाने विचारणा केली. तेव्हा सरकारी हॉस्पिटलवाल्यांनी जे उत्तर दिलं ते नीट ऐकायला पाहिजे होतं, आपण ते बहाणा म्हणून सोडून दिलं. ते म्हणाले की प्रायव्हेटवाले शेवटच्या क्षणी पेशंट आमच्याकडे पाठवतात. हे शंभर टक्के खरं आहे, विदर्भातला कोणताही माणूस सांगेल. आठ दिवस प्रायव्हेटमधे ठेवतात, घरचं सोनं जातं, वावर गहाण पडतं, आणि पैसे संपले की सांगतात, आता मेडिकलला घेऊन जा. पेशंट तिथं पोचतो आणि काही तासांत जातो. मृत्यू मेडिकलच्या खात्यावर, बिल दुसऱ्याच्या खात्यावर. आणि आपण सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, सरकारी हॉस्पिटलमधे गेला की माणूस जिवंत येत नाही.

सरकारी बाजूचे दोष नाहीत असं नाही. औषध खरेदीचा जो घोळ हाफकिन या सरकारी कंपनीकडे होता तो सोडवायला २०२३ मधे वेगळं प्राधिकरण काढलं, तरी वॉर्डात नातेवाइकाच्या हातात बाहेरून आणायची चिठ्ठी पडणं थांबलेलं नाही. मेडिकलचा अमृतमहोत्सव डिसेंबर २०२३ मधे राष्ट्रपतींच्या उपस्थितीत झाला, रंगरंगोटी छान झाली होती. कॅन्सरच्या पेशंटला लागणाऱ्या मशीनसाठी मात्र वर्षानुवर्षं वाट. आणि माणसं! २०२० च्या मे महिन्यात कळमेश्वर रोडवर राधास्वामी सत्संगच्या मैदानात ५,००० खाटांचं कोविड सेंटर मांडलं होतं, आठवतं का, त्याचे फोटो देशभर फिरले. खाटा मांडणं सोपं असतं. त्या खाटेपाशी रात्री तीनला उभी राहणारी नर्स पाहिजे असते. कोविडमधे कंत्राटावर घेतलेली पोरं-पोरी साथ गेली तशी घरी पाठवली, आशाताईंना मानधनासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागलं, ज्या आशाताई सप्टेंबर २०२० मधे माझं कुटुंब माझी जबाबदारी म्हणत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या होत्या.

सरकार म्हणतं लोकांच्या खिशातून होणारा खर्च कमी झाला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मधे एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के भाग लोकं स्वतः भरत होते, २०२१-२२ मधे ३९.४ टक्के. सुधारणा आहे, नाकारत नाही. पण २०२१-२२ हे कोविडचं, लसीकरणाचं वर्ष, सरकारला खर्च करावाच लागला, आणि तेव्हाही सरकारी खर्च जीडीपीच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहिलं होतं. शिवाय टक्का सरासरीचा असतो. ज्याच्या घरात आजारपण आलं त्याला सरासरी बिल येत नाही.

महात्मा फुले योजनेबद्दल, म्हणजे राज्याच्या मोफत उपचाराच्या योजनेबद्दल, लोकं म्हणतील की आता दीड लाखाचं कव्हर पाच लाख झालं, सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झालं, अजून काय पाहिजे. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे बायपास झालेले लोकं माझ्या ओळखीत आहेत. पण हॉस्पिटल यादीत पाहिजे, आजार पॅकेजमधे बसला पाहिजे, त्या दिवशी आरोग्यमित्र टेबलावर पाहिजे आणि मंजुरी यायला पाहिजे. रात्री दोनला छातीत दुखून राहिलं तर माणूस यादी बघत नाही, जवळचा दवाखाना बघतो. आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांचं तर विचारूच नका. हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन लोकांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचे आहेत, वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत, आणि त्यासाठी हॉस्पिटलने बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी ठेवायची आहे. तुमच्या कामवाल्या मावशीला हे माहीत आहे का विचारून बघा. तिला माहीत नसतं आणि काउंटरवाला स्वतःहून सांगत नाही.

आता डॉक्टरांची बाजू, कारण माझे दोन-तीन मित्र डॉक्टर आहेत आणि हे वाचून भांडायला येणार. त्यांचं म्हणणं असं की ९,००० मधे आयसीयूचा दिवस निघत नाही, नर्सचा पगार, ऑक्सिजन, बायोमेडिकल कचरा, वीज, फायर ऑडिट, सगळं आमच्याच डोक्यावर. नागपुरातले खूप दवाखाने नवरा-बायको दोघे डॉक्टर मिळून चालवतात, कर्ज काढून उभे केलेले, त्यांना मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या मापाने मोजू नका. सरकारी योजनेचे पैसे महिनोंमहिने येत नाहीत. आणि पेशंट दगावला की काचा फुटतात. यातलं काहीच खोटं नाही. कोविडमधे डॉक्टर स्वतः गेले, मेडिकलच्या निवासी पोरांनी पीपीई किटमधे मे महिन्याचा उन्हाळा काढला, नागपूरचा मे, ४५ डिग्रीचा. म्हणून दर सरकारने मंत्रालयात बसून ठरवू नयेत, डॉक्टरांना समोर बसवून, खर्चाचे कागद टेबलावर ठेवून ठरवावेत, लहान दवाखान्याचा वेगळा, मोठ्याचा वेगळा. पण कागद टेबलावर ठेवायचे नाहीत आणि परवडत नाही हेही म्हणायचं, हे नाही चालणार भाऊ.

दर ठरवले की सेवा बंद पडतात हा दुसरा मुद्दा. फेब्रुवारी २०१७ मधे केंद्राने हृदयातल्या स्टेंटची किंमत बांधली, औषधाचा थर असलेला स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०. औषधाचा स्टेंट आधी लाखाच्या वर जायचा. अँजिओप्लास्टी बंद झाली का? उलट वाढली. हां, काही ठिकाणी स्टेंटचे कमी झालेले पैसे दुसऱ्या रकान्यात टाकून वसूल केले, म्हणूनच एका वस्तूचा दर बांधून भागत नाही, पूर्ण पॅकेज बघावं लागतं आणि बिल तपासणारा माणूस लागतो.

आणि कायद्याची अडचण आहे, ती आपल्या नागपूरचीच आहे. इथल्या हॉस्पिटलांच्या संघटनेने दर ठरवण्याच्या आदेशांना कोर्टात आव्हान दिलं होतं आणि २३ ऑक्टोबर २०२० ला नागपूर खंडपीठाने निकाल दिला की कोविड नसलेल्या पेशंटचे दर सरकारला असे ठरवता येणार नाहीत, तेवढा भाग रद्द. मला तो निकाल वाईट वाटत नाही. साथीच्या आदेशाचा आधार घेऊन अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दर बांधणं कच्चंच होतं. पण त्यातून सरकारने काय घ्यायला पाहिजे होतं? की आदेशाने जमत नाही तर विधानसभेत या, कायदा करा. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला पूर्ण सरकार नागपुरात येतं, मोर्चे निघतात, हुरडा पार्ट्या होतात, हा विषय काही येत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, आपला १९४९ चा नर्सिंग होम कायदा आहे. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मधे बदल करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. आता धंतोलीत जा आणि शोधा. कुठे कुठे लावलेलं आहे, कुंडीच्या मागे.

तर मागणी फार मोठी नाही. डिलिव्हरी, सिझर, डायलिसिस, अँजिओप्लास्टी, आयसीयूचा दिवस, असे नेहमीचे वीस-पंचवीस उपचार घ्या, डॉक्टरांसोबत बसून त्यांची वरची मर्यादा ठरवा आणि कायद्यात टाका. इमर्जन्सीत डिपॉझिट मागायला बंदी, आणि त्याचे पैसे हॉस्पिटलला सरकारकडून ठरलेल्या मुदतीत मिळायची हमी, नाहीतर ती बंदी कोणी पाळणार नाही. बेडचा डॅशबोर्ड पुन्हा चालू करा आणि रिकामा दाखवून नाही म्हणणाऱ्याला दंड लावा. कोविडमधे बिल तपासायला बसवलेले ऑडिटर होते ना, तसे दोन-चार माणसं महापालिकेत कायमचे ठेवा.

आणि एक काम तर उद्यापासून करता येतं, त्याला कायदाही नको. प्रायव्हेटमधून मेडिकल-मेयोला जो पेशंट पाठवला जातो त्याच्या रेफर चिठ्ठीवर किती दिवस ठेवला, किती बिल घेतलं आणि काहून पाठवला हे लिहिणं सक्तीचं करा, आणि कॅज्युअल्टीत केस पेपर काढताना ते तिन्ही रकाने भरून घ्या. केस पेपर तर तसाही निघतोच. दर महिन्याला हॉस्पिटलप्रमाणे त्याची यादी काढून नोटीस बोर्डावर लावा, पेशंटचं नाव न टाकता. मग मेडिकलमधल्या मृत्यूंचा आकडा पेपरात येईल तेव्हा त्याच्या शेजारी ही यादीही छापता येईल.